आक्काच्या माशांसाठी दातरंग: यवतमाळ ते बाभुळगाव

आक्काला नागपूरला आणायचं, म्हणून मी माघात यवतमाळला गेलो. विधवा बहीण, एकटी, साठीकडे झुकलेली. शिवाय ती घरात आली की माझ्या बायकोला माझ्याविषयी बोलायला जाणकार माणूस मिळणार होतं. पण आक्काची अट होती. परसातल्या पेटीत दरसाल नव्यानं बसवलेल्या मधमाशा लागोपाठ दोन वर्षं माघातच उठून गेल्या होत्या. तुरीचा बहर संपतो, मोह फुलायला अवकाश असतो, मधल्या दिवसांत त्यांची उपासमार.

"यंदाही गेल्या तर मी येते तुझ्याकडे," ती म्हणाली, "राहिल्या तर मले हलवू नको."

मी खरं तर स्वस्थ बसायला हवं होतं. पण गेल्या साली आक्कानं, एसटी बाभुळगावच्या पुढं बंद पडली तेव्हा, एक मोठं झुडूप पाहिलं होतं. पांढरे बारीक घोस, गोड वास, वर माशांची झुंबड. ते ओळखून परसात लावायचं तिच्या मनात होतं, आणि संस्कृत शिकलेल्या भावाला झाडं कळतात हा तिचा जुना गैरसमज.

कुणाला जायचं असेल तर सकाळची गाडी धरा. खिडकीची जागा धुळीची हौस असेल तरच. कंडक्टर भाडं आण्यांत सांगतो आणि उरलेले नव्या पैशांत देतो. हिशेब जुळला तर आपणच चुकलो समजावं. बाभुळगावात स्टँडसमोर आलूबोंडा गरम मिळतो. पुढं वाटेत गाडी थांबत नाही, पायीच जायचं, म्हणून पाणी सोबत हवंच.

"हे काव्यातलं कुरबक असावं," मी पहिल्याच झुडपाशी आक्काला म्हणालो.

"बापू, हा अडुळसा आहे. लहानपणी खोकल्यात तूच प्यायलास."

त्यानंतर मी नावं मनातल्या मनात ठेवली.

नाल्याकाठी बंजाऱ्यांचा तांडा लागला. तिथं आधी वास आला, मग गुणगुण, आणि मग ते झुडूप, माणसापेक्षा जरा उंच, घोसांनी पांढरं झालेलं. "हेच ते," आक्का म्हणाली. पाण्याला आलेल्या, तांड्यातल्या जमनाबाईंनी विचारलं, "काय पाहून राह्यले, भाऊ?"

"या झाडाचं नाव काय?"

त्यांनी सालीचा तुकडा सोलला, चुना लावून चघळला आणि लालभडक दात दाखवले. "दातरंग. इथं पान कुठं भेटते? हेच खातो." दुसरा तुकडा त्यांनी आक्कापुढं धरला. "घे न, याडी." त्यांच्यात आईला याडी म्हणतात.

आक्काचा हात अर्ध्यात थांबला. भाऊजी गेल्यापासून तिनं विडा तोंडाला लावला नव्हता. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"विडा नव्हे, साल आहे," मी झाडाकडं बघत म्हणालो. "शास्त्रात सालीला मनाई नाही."

"कोणत्या शास्त्रात?"

"मी वाचलेल्या."

तिनं चघळलं. मग जमनाबाईंच्या ओढणीवरल्या इवल्या आरशात वाकून ओठ पाहिले, आणि इतकी हसली की माशा विचलित होतील अशी मला भीती वाटली.

"रोप लावलं तर कधी फुलेल?" मी विचारलं.

"लागतीन की तीन-चार सालं."

आक्काचा चेहरा उतरला. तोवर माशा कुठल्या थांबतात! मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं लगेच वाईटही वाटलं.

"तं झाड मोठं होऊस्तोवर फुलाच्या दिवसांत पेटीच इकडं आणत जा न, याडी," जमनाबाई म्हणाल्या. "आमचे आजे बैलाईवर मीठ लादून मुलूखभर फिरत. एक पेटी काय जड आहे?"

दुसऱ्या दिवशी सांजावल्यावर, माशा आत शिरल्यावर, तांड्यातली बैलगाडी यवतमाळहून पेटी घेऊन निघाली. मी मागं चालत होतो. प्रत्येक खड्ड्याला आक्का गाडीवानाला रागवायची आणि पेटीला समजवायची. सकाळी नाल्याकाठी पेटी उघडली तशा माशांनी घिरट्या घेतल्या, जागा हेरली आणि सरळ दातरंगावर गेल्या. बहर सरेपर्यंत आक्का मुक्कामाला जमनाबाईंकडेच राहिली. मी यवतमाळला परतलो, मुळातून फुटलेली रोपं मातीसकट गोणपाटात गुंडाळून. तुम्हीही तशीच आणा. परसात लावली की उन्हाळाभर रोज पाणी लागतं. शेजारणीला बजावून मी नागपूरची गाडी धरली.

घरी बायकोनं दार उघडून माझ्या मागं पाहिलं. "आक्का?"

मी सगळं सांगितलं.

"म्हणजे तिला यवतमाळलाच ठेवायची सोय तुम्हीच करून आलात."

"हो," मी म्हणालो. "आणि रोपं दोन लावली. एक जगलं नाही तर दुसरं असावं."