पाय धुवा, मंग तुरीत या

...नाई वं खुशी, तसं नोको लिहू. 'स्वच्छतेची आवड' कुठून आनली तू? मी असं बोलली का? विमलबाईले साफसफाईची आवड-बिवड काही नाई. तिच्या घरात जाऊन पाह्य, चुलीपाशी कांद्याचे टरफलं, खाटीवर गोधडी तशीच लोयलेली. ते बाई पाय धुवाले लावते ते तुरीसाठी. तेच लिही. अन् मी बोलून राह्यली तसंच लिही, मधात आपली शायेतली भाषा नोको घालू.

तं कुठं होतो आपन? हो, धुऱ्यावर, वावराच्या बांधावर.

आर्णीच्या रोडनं आमच्या तांड्याकडे येताना नाल्याच्या अंगाले विमलबाईचं साडेतीन एकराचं वावर लागते. आत शिराची जागा हाये ना, तिथं धुऱ्यावर एक लाल बकेट, एक लोटा अन् वायलेल्या दोडक्याचं घासनं ठेवलेलं असते. जो कोनी येईन त्यानं चपला बाहीर काढाच्या, पाय घासून धुवाचे, मंग आत. खुरपं बी धुवाचं, इळा बी. गावातले मानसं तिले पुजारीन म्हनतात. तिचा मालक सदाशिवराव एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर हाये. तो म्हनते, "मी तीस वर्सं गाडीच्या दारात उभा राह्यलो, पन एवढे मानसं मी बी नाई परतवले."

हसू नोको, लिही.

तिची तूर दुकानातली नोहे. तिचं माहेर बोरी अरबकडचं. तिच्या मायनं आखरीच्या वर्सी एका गाडग्यात राख घालून ते बेनं तिले देलं. दाना बारका, लालसर. पन एका उकयीत शिजते, अन् वरनाले असी गोडी का नुसतं वरन पिऊन घ्या. आता तिच्या माहेरी बी ते बेनं नाई. भावानं साऱ्या वावरात सोयाबीन लावलं, अन् घरचं बेनं दायीत घालून खाऊन टाकलं. म्हनजे विमलबाईच्या वावरातलं गेलं, तं गेलंच. कुठं जाऊन मांगन? मायले तं आता मांगता येत नाई.

अन् ते जाऊन राह्यलतं. पाच वर्सं झाले असन. झाड हिरवंगार, फुलावर आलेलं, अन् दोन दिसात पानं खाली माना टाकून देत. तिसऱ्या-चौथ्या दिसी उभं झाड वायलं. ना कीड, ना अळी. पह्यल्या वर्सी नाल्याच्या कोपऱ्यात धा-बारा झाडं गेले, दुसऱ्या वर्सी अर्धा एकर. शेतीच्या हापिसातला एक साहेब आला, त्यानं वायलेल्या झाडाचं खोड इळ्यानं मधातून चिरलं. आत कायी रेघ, जशी कोनी काजयाची काडी ओढली. साहेब म्हनला, बाई, हे बुरशी हाये, याले मर म्हनतात. जमिनीत राह्यते, वर्सोनवर्स जित्ती राह्यते. झाडाले लागली का मंग दवा नाई. लागूच द्याची नाई.

जमलेल्या साऱ्याइनं विचारलं, कोनती फवारनी करू? विमलबाईनं विचारलं, "येते कुठून?"

साहेब म्हनला, "बेन्यातून येते, वाहत्या पान्यातून येते, अन् चिखलातून येते. बैलाच्या खुराले, वखराले, मानसाच्या पायाले जो चिखल चिकटते ना, त्याच्यासंग एका वावरातून दुसऱ्या वावरात जाते."

बाकीच्याइनं चहा घेतला अन् घरी गेले. विमलबाईच्या डोस्क्यात पाय राह्यले.

मंग तिनं काय काय केलं, मी पाह्यलं हाये, कारन निंदनाले वीस वर्सापासून आमीच. मी तांड्यावरच्या बायांची मुकादम. हे लिहिलं का? लिही, नाई तं लोकाइले समजनार नाई ही जमनी कोन. विमलबाईनं वायलेले झाडं मुयासकट उपटून तिथल्या तिथं पेटवून देले. उकिरड्यात एक काडी टाकली नाई, का खतातून परत वावरात येईन. दोन वर्सं तूरच पेरली नाई, जवारी पेरली. सदाशिवराव कुरकुर करे का बावा, बिना तुरीच्या वरनाचं काय जेवन. नाल्याकडून पानी साचे, तिथं चर काढला. मायचं बेनं दोन वर्सं घरामांगच्या वाडीत लावून जित्तं ठेवलं, पंचवीस-तीस झाडं. पेराच्या आधी बेन्याले शेन, गोमूत्र अन् उलीसक चुना लावून सावलीत सुकवे. अन् यवतमाळहून एक भुकटी आने, ट्रायकोडर्मा का काय ते. शेनखतात कालवून ओल्या पोत्याखाली झाकून ठेवे, आठ दिसात खतावर हिरवी झाक येये. मी म्हनलं, "हे बी बुरशीच हाये ना?" ते म्हनली, "हो. हे चांगली हाये, ते वाईट बुरशीले खाते." मी म्हनलं, म्हनजे तू सवत आनली वावरात. ते एवढी हसली का तिच्या डोयाले पानी आलं.

असी आमची गोठ. दोघी एका उमरीच्या, तू-तूच करतो. म्हनून तं मले ते झोंबलं.

मांगच्या वर्सी तिनं परत त्या वावरात तूर घेतली, मधात मधात जवारीचे तास, म्हनजे ओयी. पोया होऊन आठ-धा दिस झालते. आमी अकरा बाया सकायपासून तिच्या शेजारी पंजाबरावच्या वावरात निंदून राह्यलो होतो. पंजाबरावनं सहा वर्सापासून तुरीवर तूर, तुरीवर तूर लावलेली, त्याच्या वावरात जागोजागी झाडं वायलेले. पानी पडूनच राह्यलतं, गुडघ्यापावतर कायी माती. अर्धा दिस तिथं, अर्धा दिस विमलबाईकडे असं ठरलं होतं. धुरा ओलांडला का तिचं वावर. आमी निंगालो, तं हे बाई बकेट घेऊन समोर उभी. याच्या आधी ते बकेट कधी पाह्यली नाई आमी.

"जमनी, साऱ्याइनं पाय धुवा, मंग आत या."

मले वाटलं मजाक करून राह्यली. मी म्हनलं, "काहून वं, आत पंगत बसली का?"

"मजाक नाई. तुमच्या पायाले रोग हाये."

अस्सीच बोलली. अकरा बायांसमोर. मांगून रामलालची सून म्हनते, "वीस वर्सं हात चालले, आता पाय विटाळले."

खुशी, हे नीट लिही. माही माय काही काही घरी कामाले जाये, तवा तिले ओट्याखाली बसवत, अन् वरून ओंजयीत पानी टाकत. मी लहानी, तिच्या घागऱ्याले धरून उभी राहो. पानी तिच्या कोपरावरून सांडे. ते मले त्या धुऱ्यावर डोयासमोर दिसलं. मी म्हनलं, "तुह्या तुरीले आमचा विटाळ होत असन, तं तूच निंद." अन् आमी निंगून गेलो. ते मांगून म्हनत होती, "जमनी, तसं नाई वं, तसं नाई." कसं ते तिले सांगता आलं नाई, अन् मी काही मांगं पाह्यलं नाई.

तांड्यावरची एक बी बाई गेली नाई तिच्याकडे. आठ दिस. गवत तुरीच्या कमरेले लागलं. सदाशिवरावचे गुडघे गेलेले, तो पोत्यावर बसून सरकत सरकत निंदे, विमलबाई वाकून वाकून. दोघं मिळून दिसाच्या दोन ओयी काढत. गवत दाटलं का खाली दमट राह्यते, अन् दमट राह्यलं का बुरशीले आयतंच. हे तिले बी समजे, मले बी समजे. रोडनं जाताना आमच्या बाया तिकडे पाहून हसत. मले बी बरं वाटे. खोटं काहून बोलू.

मंग इतवारी मी आर्णीच्या बाजारातून येऊन राह्यलती. पाह्यतो तं धुऱ्यावर मोटरसायकल उभी. तिच्या पोरीचं, दीपाचं, लग्न वैशाखात झालतं, तिचा नवरा ऋतिक, यवतमाळचा. दीपाले घेऊन पह्यल्यांदाच वावर पाहाले आलता. पांढरेफट बूट, इस्तरीचा पँट. आता जवाई म्हनजे तुले मालूम हाये. जवाई दारात आला का सासू पायावर पानी घालते, वरून टॉवेल घेऊन उभी राह्यते. मी निंबाच्या झाडाखाली थैला ठेवून उभी राह्यली. म्हनलं पाहू, याच्या पायाले रोग हाये का नाई.

तं विमलबाई पुढं झाली. "जवाईबुवा, बूट काढा."

तो पोरगा पाहूनच राह्यला. "आई, मी इथूनच पाह्यतो ना, धुऱ्यावरून."

"धुऱ्यावर उभे राहा. आत याचं असन तं बूट काढा अन् पाय धुवा. सकायी दुसऱ्याच्या वावरातून चक्कर मारून आले ना तुमी?"

सदाशिवराव हळूच म्हनला, "अवं, जवाई होये तो. बिनातिकिटाचा चालते."

दीपा म्हनली, "माय, यायले तरी सोड."

"बुरशीले जवाई समजत नाई, पोरी. बूट काढा."

बिचाऱ्यानं काढले. मोजे खिशात कोंबले, पँट वर केला. धुवून आत पाय टाकला, तं दोन पावलावर घसरला अन् मांडी ठोकून चिखलात बसला. इस्तरीचा पँट सारा काया. मले हसू आवरलंच नाई. विमलबाईनं वर पाह्यलं. ते हसली नाई. तसीच पाह्यत राह्यली माह्याकडे, लोटा हातात धरून.

मी धुऱ्यावर गेली. म्हनलं, "दाखव, काय रोग हाये माह्या पायाले?"

ते पंजाबरावच्या अंगाले गेली, एक वायलेलं झाड उपटलं, इळ्यानं खोड चिरलं. तेच कायी रेघ. मंग मुयाले चिकटलेला चिखल अंगठ्यानं काढला अन् आपल्याच पायाले लावला. म्हनली, "मले मातीले म्हनाचं होतं वं. तोंडातून पायाले निंगालं. मले बोलता नाई येत, तुले मालूम हाये."

मी तिले मायची गोठ सांगतली. वीस वर्सात कधी सांगतली नोहोती. मंग विमलबाई म्हनली, "माह्या सासूनं बी तसंच वरून पानी टाकलं कोनाकोनाले. मीनं पाह्यलं हाये तिले. मी बी काही बोलली नाई तवा."

बाईनं कबूल केलं. कोन करते एवढं?

मी म्हनलं, "उद्या येतो आमी. पन पह्यले तू पाय धुवाचे, आमच्या समोर. अन् लोटा आमचा आमी घेऊ, वरून पानी टाकाचं नाई."

ते म्हनली, "बरं."

दुसऱ्या दिसी अकराच्या अकरा गेलो. तिनं आधी पाय धुतले, खुरपं धुतलं, लोटा खाली ठेवला, बाजूले झाली. मंग मी उचलला. रामलालच्या सुनेनं तं तोंड बी धुतलं, म्हनते तुरीले तोंडाचा रोग नोको लागाले. चार दिसात वावर साफ केलं.

आता असं नोको लिहू का मंग सारं गोड झालं. दसऱ्यामांगं असा पानी पडला का चर भरून वाहून गेला. पंजाबरावच्या वावरातलं पानी धुरा फोडून तिच्या कोपऱ्यात आलं. त्या कोपऱ्यात एकोनीस झाडं गेले. मी मोजले, कारन उपटाले मीच होती. प्रत्येक झाड उपटताना ते 'हं' म्हने, जसं कोनी चिमटा घेऊन राह्यलं. पेटवले, राख तिथंच दाबली. बाकीची तूर उभी राह्यली. मार्गशीर्षात शेंगा असल्या लदबदल्या का डाया वाकल्या. मायचं गाडगं भरलं, अन् वरून दोन डबे भरले. एक डबा तिनं मले देला, म्हनली एका घरी ठेवलेलं बेनं म्हनजे एका पायावर उभं राह्यल्यासारखं. आता तांड्यावर हाये ते.

पन भेव गेलं नाई. पंजाबराव अजून वायलेले झाडं उपटून त्याच धुऱ्यावर फेकते, पानी आलं का ते सारं तिच्याकडे. विमलबाईनं त्याले दोनदा सांगतलं, मी एकदा. तो म्हनते, बायाइनं शेती शिकवाची का आता. बाईच्या तोंडचं त्याले पटत नाई. छापलेलं पटते. आर्णीच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर रोज सकायी पेपर वाचत बसते, पांढरी टोपी, डाव्या कानात मशीन.

म्हनून हे लिहून घेतलं, खुशी. आता हे जो कोनी वाचन अन् आर्णीले जाईन, त्यानं त्या टपरीवर दोन मिनिटं थांबाचं अन् पंजाबरावले मोठ्यानं वाचून दाखवाचं, त्याले कमी ऐकू येते. त्याले म्हना, वायलेलं झाड धुऱ्यावर फेकू नोको, तिथंच पेटव. अन् औंदा अन् पुढच्या वर्सी त्या वावरात तूर नोको, जवारी पेर. जवारीचं बेनं नसन तं विमलबाई देते म्हनते.