शिवाप्पाच्या अर्जावरची तीन पानी टिपणी

विषय: तंबाखूच्या धुळीच्या ॲलर्जीमुळे बदली मिळण्याबाबत, शिवाप्पा हमाल यांचा अर्ज.

उपरोक्त विषयी सादर करतो की, या अर्जाची वाट मी लावली. आता चहा घेताय, तर माझ्याच तोंडून ऐका.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. निपाणीत तंबाखूच्या एका सरकारी गोदामात मी कारकून होतो. शिवाप्पा तिथं पोती उचलायचा. पोतं आपटलं की धूळ उठायची आणि हा भिंतीला टेकून भात्यासारख्या धापा टाकायचा. बेळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासून चिठ्ठी दिली: ॲलर्जी आहे, गोदामात ठेवू नये. बेळगावच्या कचेरीत शिपायाची जागा रिकामी होती.

"अण्णा, तेवढं वर पाठवा," शिवाप्पा म्हणाला. "पोरीचं लगीन हुईस्तवर तरी जगाय पायजे."

मी 'शिफारस आहे' एवढं लिहायचं होतं. काम आठवड्यात झालं असतं. पण चार पुस्तकं वाचलेल्या माणसाचं दोन शब्दांत भागतं होय? नुकताच मासिकात एक लेख वाचला होता. मी तीन पानी टिपणी जोडली, तीही इंग्रजीत, कारण कचेरीच्या कानडीत माझी विद्वत्ता उघडी पडली असती.

लिहिलं असं, की शरीर धुळीला शत्रू समजून प्रतिपिंडं तयार करतं. ती नाका-छातीतल्या पेशींवर दबा धरून बसतात. पुन्हा धूळ आली की त्या पेशी आपला मालमसाला बाहेर ओततात आणि दम लागतो. ही प्रतिपिंडं बनवण्याचा हुकूम काही पांढऱ्या पेशी देतात, दुसऱ्या काही तो हुकूम रोखतात. अर्जदाराच्या अंगातल्या रोखणाऱ्या पेशी कामचुकार झाल्या आहेत. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण शेवटी ऐटीत जोडलं, की त्या पुन्हा कामाला लागण्याची शक्यता नाकारता येत नाही.

साहेब धारवाडचे, शांत गृहस्थ. दुर्दैव असं, की त्यांनी तिन्ही पानं वाचली.

"रोखणाऱ्या पेशी आहेत म्हणता?"

"आहेत, साहेब."

"मग त्यांची कारवाई होऊ दे. तोवर अर्ज राहू दे."

मी खुशीत फाईल उचलून प्रलंबितच्या गठ्ठ्यात ठेवली. माझी टिपणी आजवर इतकी मनापासून कुणी वाचली नव्हती.

शिवाप्पा दर बाजाराच्या दिवशी कागद कुठवर आला म्हणून विचारायचा. एकदा मी सांगून टाकलं, तुझ्या अंगातनं अहवाल यायचाय.

"माझ्या अंगातनं?" तो दम घेत म्हणाला. "मग मलाच इचारायचं की, अण्णा. ते न्हाय म्हणतंय."

त्या हंगामात आवक लई होती. शिवाप्पा दोन थप्प्यांच्या मधे टेकला, तो उठलाच नाही. पोरीचं लग्न पुढल्या महिन्यात होतं.

मी फाईल बंद करायला नेली. अर्जदारानं अर्ज मागे घेतल्याचं पत्र कुठाय, असं साहेबांनी विचारलं. ते नव्हतं.

निवृत्त होताना चार्ज दिला, तेव्हा नव्या कारकुनानं ती फाईल उघडली आणि हे तीन पानी शहाणपण कुणाचं, म्हणून विचारलं. खाली माझीच सही होती.

अर्ज प्रलंबित आहे.