आमच्या ह्यांची एकुलती एक चोरी

आमच्या ह्यांना कुठलंही कुलूप दाखवा, ते उघडायला किती सेकंद लागतील ते हे आधी सांगतात. "हे होय? आठ." कोपऱ्यावर तीस वर्षं किल्ल्या बनवायची टपरी चालवली की माणसाची नजर अशी होते म्हणे. होऊ दे बापडी! पण भाचीचं स्थळ बघायला गेलो, मुलाकडची मंडळी कौतुकाने घर दाखवत होती, आणि हे त्यांच्या कपाटाकडे बघून माझ्या कानात कुजबुजले, "पाच." मी असं कोपराने ढोसलं की ह्यांच्या हातातलं पाणी सांडलं.

तर अशा माणसाच्या घरात सायकल आली. माझी. मी दवाखान्यात मावशी आहे. चादरी बदला, पेशंटला उठवा-बसवा, सगळं करते. अकरा वर्षं रोजंदारीवर काढल्यावर यंदा कुठे कायम होणाऱ्यांच्या यादीत नाव लागलं. अट एकच, सहा महिन्यांत तीन लेटमार्क पडले की नाव कट. सातला सही म्हणजे सातलाच. बसचा काही नेम नाही, म्हणून जुनी सायकल घेतली. हे खूश झाले आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की दोघं समोरासमोर आले तर एकाने परत फिरायचं. सायकल वर नेणं शक्यच नव्हतं. ती राहणार खाली, भिंतीला टेकून, उघड्यावर.

"कुलूप लावा की," मी म्हटलं. "टपरीवर शंभर लटकलीत."

"ती सगळी मला उघडता येतात."

"मग?"

"मग चोरालाही येणार."

कप्पाळ माझं!

एकावर भरवसा नाही म्हणून ह्यांनी तीन लावली. पुढच्या चाकाला एक कुलूप, मागच्या चाकाला एक, आणि साखळीने पाण्याच्या पाइपाला बांधून तिसरं. वर जुन्या छत्र्यांच्या कापडाचा अंगरखा शिवला, बारा बटणांचा. चेनला ग्रीस, नटांना ग्रीस, माझ्या साडीला आपोआप ग्रीस. सीट रोज संध्याकाळी काढून वर आणायची. ती फळीवर डब्यांच्या शेजारी ऐटीत बसायची. पाहुण्यांनी विचारलं की मी सांगायची, "सासूबाईंची आठवण आहे." हे रागवायचे, पण सीट काही हलवायचे नाहीत.

सकाळी बारा बटणं काढा, तीन कुलपं काढा, सीट बसवा, यात वीस मिनिटं जायची. दोन लेटमार्क यातच पडले. मोठ्या सिस्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मावशी, आता एकच उरला हं."

त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. हे मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरोबर आहे तुझं. तीन कुलपं म्हणजे फारच वेळ जातो. एकच करतो."

आणि खरंच केलं. पंधरा दिवस खपून, चार कुलपांची आतडी काढून एक कुलूप तयार केलं. किल्ली एकच. "किती सेकंद?" मी विचारलं. हे नुसते हसले. पहिला नंबर आलेलं पोर हसतं तसे.

सहाव्या महिन्याचा शेवटचा आठवडा होता. सकाळी साडेसहाला मी खाली उतरले. किल्ली घातली, ती अर्धी फिरली, आणि कट्! अर्धी माझ्या हातात, अर्धी आत. मी जी हाक मारली ती चौथ्या गल्लीत ऐकू गेली असेल.

हे बनियनवर धावत आले आणि मग हळूच कबूल झाले. कुलपात धूळ-पाणी जाऊ नये म्हणून आदल्या संध्याकाळी ह्यांनी त्याच्या भोकात मेण वितळवून ओतलं होतं. ते रात्रीत घट्ट झालं.

तार झाली, सुई झाली, माझ्या केसातला आकडा झाला. हे दगडावर बसून घाम गाळत होते. दहा मिनिटांनी ताडकन उठले. डोळे चमकत होते. "अगं, उघडत नाही! मला! मलासुद्धा उघडत नाही!"

मी पायरीवर मटकन बसले. "अभिनंदन," मी म्हटलं. "कुलूप झकास झालंय. माझी नोकरी गेली." आणि मला रडू फुटलं. सहाची बस केव्हाच गेली होती, पुढची सातला. अकरा वर्षं दुसऱ्यांची आजारपणं उपसली, ती असल्या एका कुलपापायी पाण्यात जाणार होती.

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. समोरच्या इमारतीखाली पेपरवाल्याची सायकल उभी होती. तो पेपर टाकायला वर गेला होता. बिचारा कधीच कुलूप लावत नाही. हे रोज त्याला सुनवायचे, "अरे, शून्य सेकंद!"

हे सरळ गेले, ती सायकल घेतली आणि माझ्यासमोर आणून उभी केली. "बस."

"अहो, ही तर त्याची..."

"नंतर बोल! चालव!"

ह्यांना स्वतःला सायकल येत नाही. पण पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन हे मागे कॅरियरवर चढले. "तुम्ही कशाला?" तर म्हणाले, "दुसऱ्याची सायकल दवाखान्याबाहेर उघड्यावर कुणाच्या भरवशावर सोडायची?"

आम्ही वळणावर पोचतो न पोचतो तोच मागून आरोळी आली, "चोर! चोर!" हे म्हणाले, "मागे बघू नकोस, पाय मार." चौकात एका गृहस्थाने हात करून पेपर मागितला. "विकायचे नाहीत," हे ओरडले, "चोरीचे आहेत!" मला हसू येत होतं की धाप लागत होती, देव जाणे.

सातला दोन मिनिटं कमी असताना मी सही केली. मग खिडकीतून खाली पाहिलं. हे फाटकाशी उभे, बनियनवर, हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून. वॉचमन सायकल स्टँडकडे बोट दाखवत होता, आणि हे मान हलवून नाही म्हणत होते. तेवढ्यात पेपरवाला धापा टाकत आला, लालबुंद होऊन. सिस्टरबाईंना "आलेच" म्हणत मी खाली पळाले.

हे त्याला सांगत होते, "चोरी मी केलीय. हिचा काही संबंध नाही. हिची सही चुकली असती. पोलिसांकडे जायचं तर चल, येतो मी."

पेपरवाल्याने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाहीने तोंड पुसलं.

"काका, रोज सकाळी भेटता की हो," तो म्हणाला. "जरा दे रे म्हणाला असता, तर मी दिली नसती का?"

ह्यांनी हँडल त्याच्या हातात दिलं. सायकल त्याच्याकडे सरळ मागावी, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.