मनुदेवीच्या शपथेचा पासवर्ड

वना पाटील चोपड्याजवळच्या केळीच्या मळ्यातला. कॉलेजात माझ्या शेजारी बसायचा. की-बोर्डवर एकेक अक्षर शोधताना त्याला घाम फुटायचा आणि मला हसू.

१९९९च्या दिवाळीच्या सुट्टीत भुसावळचा मगन, जळगावचा मी आणि वना, असा आमचा प्रकल्पाचा गट होता. विषय केळीच्या पानांवरचा करपा रोग. तिघं तीन गावी, म्हणून एकच ईमेल खातं काढलं. सायबर कॅफेत जाऊन ज्याने त्याने आपला भाग लिहायचा आणि न पाठवता तिथेच ठेवायचा.

पासवर्ड वनाने सुचवला: मनुदेवी, त्याची कुलदेवी. चौथ्या माणसाला सांगायचा नाही, अशी तिचीच शपथ घेतली. मी आपली हसत हसत घेतली.

वना दर शनिवारी एसटीने जळगावला यायचा. मळ्यातल्या रोगट पानांची टिपणं वहीत आणायचा. सगळ्यात चांगलं प्रकरण त्याचंच होतं, हे मला कळत होतं आणि खुपतही होतं.

एक दिवस माझं प्रकरण गायब. डोकंच फिरलं माझं. वनानेच घोळ घातला असणार! मी पासवर्ड बदलला आणि फक्त मगनला कळवला. दोन दिवसांनी लक्षात आलं, ते मीच पुसलं होतं. तरी वनाला कळवलं नाही. भेटला की सांगू, म्हटलं.

शनिवारी तो तासभर बसून निघून गेला, असं कॅफेवाला म्हणाला. सुट्टी संपली, वना कॉलेजात आलाच नाही. सरांनी गटातून त्याचं नाव काढलं.

मार्चमध्ये अहवाल घेऊन मी त्याच्या मळ्यात गेलो. कॉलेज का सोडलंस, विचारलं.

"मनी चूक शे, भाऊ. मी बहिनले पासवर्ड सांगी दिन्हा. त्या शनवारले खातं उघडनंच नही. देवीनी माले बाहेर काढं. मंग कोनतं तोंड लिसन येवू?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात हात पुसून त्याने अहवाल घेतला, आपलं प्रकरण शोधून काढलं, सावकाश वाचलं. मग पहिलं पान पाहिलं. तिथे दोनच नावं होती.

"बरं झायं," तो म्हणाला. "तुम्हनं काम अडनं नही."

त्याच्या आईने चहा आणला. मी तो प्यायलो. स्वतःची किळस येत होती, तरी पासवर्ड मीच बदलल्याचं सांगितलं नाही. वना मला एसटीपर्यंत सोडायला आला.