कदमकाकांचा दुसरा बॉल

कोणी पहिला फटका मारायला उभं राहिलं की कदमकाका त्याच्याकडे पाठ करत. हात मागे बांधायचे आणि बाजूच्या बाभळींकडे बघत राहायचे. नव्या माणसाला वाटे, म्हातारा रागावलाय की काय.

काका आमच्या गोल्फच्या मैदानावर स्टार्टर होते. म्हणजे नावं पुकारून खेळणाऱ्यांना एकामागून एक सोडायचं काम. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. मी तिथेच गवतातले खळगे वाळूने भरायची. माझे यजमान सरकारी गाडीवर ड्रायव्हर, आम्ही आर. के. पुरमला राहतो. दिल्लीत बरीच वर्षं काढली तरी घराबाहेर माझं तोंड उघडत नसे. माझी हिंदी ऐकून भाजीवाला एकदा हसला होता, तेव्हापासून मी भाजीकडे नुसतं बोट दाखवायची. काका पहिल्यांदा मराठीत बोलले तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

हे मैदान मोठ्या लोकांच्या क्लबाचं नाही. तिकीट काढून कोणीही खेळतं. पेन्शनर येतात, शाळामास्तर येतात, गुडगावच्या ऑफिसांतले लोक येतात. आणि पहिल्याच होलला, म्हणजे खेळाच्या पहिल्याच टप्प्याला, बहुतेकांची फजिती होते. उजवीकडे भिंत, भिंतीपलीकडे रस्ता, समोर नाला, आणि पाठीमागे चहा पीत बसायचा व्हरांडा. मी एकदा काकांना म्हटलं, तो नाला बुजवला तर लोक दुवा देतील.

काका हसले. "अगं सुमन, तसाच नाला सातव्या होललाही आहे. तिथे कितीजणांचे बॉल पडतात बघ. इथे अंग थंड, हात आखडलेले, आणि पाठीमागे चहा पिणारे डोळे. नाला नाही नडत, व्हरांडा नडतो."

म्हणून रोज सकाळी आम्ही दोघं व्हरांड्यातली बाकं उचलून बाभळींकडे तोंड करून ठेवायचो. मॅनेजरसाहेब ती परत फिरवायला लावायचे. म्हणायचे, "कदमजी, लोग नज़ारा देखने बैठते हैं।" काका शांतपणे म्हणायचे, "तो चाय देखें, साहब। ठंडी हो जाती है।" दुसऱ्या दिवशी बाकं पुन्हा बाभळींकडे. शेवटी मॅनेजरच कंटाळले.

काकांच्या खिशात एक जुना, पिवळा पडलेला बॉल असे. फटका बिघडला की त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. मग ते न वळताच मागे केलेल्या हातात तो बॉल त्याच्यासाठी धरत. घे, आणखी एक मार. एका वकिलांनी हे नियमात बसत नाही म्हणून सांगितलं, तर काका म्हणाले, "कायदा दूसरे होल से, वकीलसाहब।" पुढे वकिलांचा स्वतःचा बॉल भिंतीपलीकडे गेला, तेव्हा त्यांनीही तो पिवळा बॉल मुकाट्याने घेतला.

मग काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मोठ्याने बोलायला बंदी केली. त्याच सुमारास वाळूचं काम मशीनवर जाणार असं ठरलं, म्हणजे माझी नोकरी संपलीच होती. काकांनी मॅनेजरना सांगितलं, सुमनला माझ्या जागी घ्या. मॅनेजर म्हणाले, ती तर बोलतच नाही. तरी काकांच्या शब्दाखातर एक सकाळ बघू म्हणाले.

मी काकांना म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, मला हे जमायचं नाही. ते बसलेल्या आवाजात म्हणाले, "नावं वाचता येतात ना? नावाला हिंदी लागत नाही."

त्या सकाळी धुकं होतं. मॅनेजर चहाचा पेला घेऊन व्हरांड्यात उभे. हातातल्या चिठ्ठीवर एका वयस्क सरदारजींचं नाव होतं. मी ते पुकारलं, पण माझं मलाच ऐकू आलं नाही. कोणी हललं नाही. वाटलं, चिठ्ठी ठेवावी आणि आपली वाळूची बादली गाठावी.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. काका माझ्याकडे पाठ करून उभे होते. गळ्याला मफलर, नजर बाभळींवर. बाकांवरची नेहमीची माणसंही तिकडेच बघत होती. आणि काकांच्या मागे बांधलेल्या हातात तो पिवळा बॉल होता. तळवा माझ्याकडे उघडा.

मी पुन्हा पुकारलं. या वेळी आवाज नाल्यापर्यंत गेला असावा. सरदारजी उठून आले, जाता जाता हळूच म्हणाले, "सुन लिया, बेटा।" ते फटका मारायला उभे राहिले तशी मीही पाठ फिरवली. मॅनेजर पेला घेऊन आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नव्या चिठ्ठ्या दिल्या.

होळीनंतर काका गावी गेले. जाताना बॉल माझ्या हातात ठेवला. तिकडेच ते वारले, त्यांच्या मुलाचा फोन आला होता. आता मीच पुकारते. सकाळी बाकाचं एक टोक मी धरते, दुसरं मॅनेजर धरतात. भाजीवाल्याशी मी घासाघीसही करते.

त्या सकाळी सरदारजी पुढे गेल्यावर मी काकांना मागूनच हात जोडले होते. त्यांना दिसलं नाही, आणि पुढे सांगायला जीभ वळली नाही. काका, तुम्ही वळून बघितलं नाहीत म्हणून मी बोलू शकले.