कापलेलं आभाळ

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, बहारीनमध्ये, मनामाच्या एका गल्लीतल्या फ्रेमच्या दुकानात, भर सकाळी एका देशाचं आभाळ कापलं गेलं. कापणारे आमचे काका, मालवणकडचे सुतार. मी काउंटरवर, ऑर्डरी घेणारा.

चित्र एका डच इंजिनिअरचं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं, जुनं. तळाशी सपाट शेतं, पार क्षितिजावर मुंग्यांच्या रांगेएवढं एक शहर. ते त्याचं गाव. वर चारातले तीन हिस्से नुसतं आभाळ. ढग नाही, पाखरू नाही.

आमच्याकडे एरवी यायची देवांची कॅलेंडरं. कोरा भाग कापायचा आणि देव काचभर बसवायचा, ही दुकानाची रीत. काकांनी पट्टी ठेवली, सुरी फिरवली.

मी पाहिलं तेव्हा खिळे ठोकूनही झाले होते.

"काका, वरचं आभाळ कुठाय?"

"खंयचा आभाळ?"

मी फ्रेमच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. कापलेलं आभाळ टेबलावर होतं, त्यावर गोंदाचा डबा ठेवलेला होता. उचलला तर खाली तपकिरी, चिकट चंद्र. काकांनी तो नखाने खरवडून पाहिला.

आमचे व्हिसा बहारिनी मालकाच्या नावावर. त्याने फ्रेम पाहिली आणि अगदी हळू आवाजात काकांना म्हणाला, "साहेब रागावला तर खलास. उद्याचं विमान." ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

एसी चालू असून काकांचा सदरा पाठीला चिकटला. "गावात काय सांगू रे? आभाळ कापलंय म्हणान धाडल्यानी?" मला हसू फुटत होतं. पण ऑर्डर माझ्या हातची, पुढचा नंबर माझाच.

संध्याकाळी साहेब बायकोला घेऊन आला. फ्रेम हातात घेतली. वरची कड बोटाने चाचपली. मग विचारलं, आकाश कुठे गेलं? मालकाने काकांकडे बोट केलं.

काकांनी हात जोडले. "सायबानू, त्यात कायच नव्हता."

भाषांतर करायची माझी छाती झाली नाही. साहेबाची मान कॉलरपासून वर लाल होत चालली. मालकाने डोळे मिटले. तेवढ्यात बाई फ्रेमवर वाकली, नाक काचेला टेकेपर्यंत, आणि सगळ्यांदेखत इंग्रजीत नवऱ्याला म्हणाली, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मला तुझं गाव दिसलं."