टेटूच्या शेंगा

मंगळवारी सकाळी सुनंदा वारली. ती माझी पत्नी. माहेर मावळातलं, पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिच्या गावच्या देवराईतल्या (देवासाठी राखलेल्या रानातल्या) टेटूच्या झाडाचं बी आणून अंगणात लावायचं आमचं ठरलं होतं. ती गेल्यावर दोन महिन्यांनी, माघात मी एकटाच निघालो.

कार्ल्याला एसटीतून उतरलो. भाताची खाचरं रिकामी पडली होती. मेहुणा पांडुरंग मोटरसायकल घेऊन आला होता. घरी त्याच्या बायकोनं तांदळाची भाकरी नि सुकट वाढली. माझा हात थांबलेला पाहून म्हणाली, "खावा दाजी. नुसत्या दुःखानं प्वाट भरत न्हाई."

जेवून आम्ही देवराईत गेलो. तिथून वाळकी काटकीही कुणी उचलत नाही. बियांसाठीसुद्धा नारळ वाढवून देवाला विचारावं लागलं. मग मी वर पाहिलं. या दिवसांत टेटूवर हातभर लांब, तलवारीसारख्या शेंगा लटकतात. एकही नव्हती.

"फुलं तर लय लागलती," पांडुरंग म्हणाला. "सकाळी सडा पडायचा."

शेजारच्या वडाकडे नजर गेली. तोही रिकामा होता. "वटवाघळं कुठं गेली?"

"हाकलली की. फटाकं लावलं. पल्याडच्या रिसॉर्टच्या गाड्यांवर घाण करायची, आन् रोगाचं भ्या. पण दाजी, कुऱ्हाड न्हाई लावली हां! फांदीसुदिक मोडली न्हाई."

हे तो अभिमानानं सांगत होता. माझं डोकं फिरलं.

"अरे, टेटूचं फूल रात्री उमलतं. वटवाघूळ मधासाठी त्यात तोंड खुपसतं, पराग अंगाला माखून दुसऱ्या झाडावर नेतं. तेव्हा शेंग धरते. सुनंदानं सांगितलं नव्हतं?"

"सांगायची. दर दिवाळीला." तो खाली बघत म्हणाला, "आमी हसायचो. म्हनायचो, ताई वाघळांची वकील झाली."

काटकीसाठी देवाची परवानगी लागते; या जिवांना पिटाळताना कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. गाड्यांच्या काचा तेवढ्या स्वच्छ राहिल्या.

फाट्यावर सोडताना तो म्हणाला, "तळेगावच्या नर्सरीतनं रोप आणून देऊ का?" एसटी आली, चढलो.

घरी येऊन हे लिहितो आहे. राग ओसरलेला नाही. झाडाला हात न लावताही त्याचा वंश बुडवता येतो, आणि वर नियम पाळल्याचं समाधानही मिळवता येतं.

देवराई उभी आहे. टेटूची जुनी झाडं आहेत. त्यांच्याखाली आता नवं रोप उगवणार नाही.